आबाजींचा सीव्ही

आपल्या पिढीला सीव्ही अपडेट करण्याची भारी हौस. दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, टाका सीव्हीत. 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' झालो, टाका. पाचजणांनी मिळून केलेलं काम? 'लेड अ टीम' म्हणून टाका! काही राहिलंच तर दुरुस्तीला एक क्लिक पुरतो. आणि अप्रेझलमध्ये बॉसनं आपल्या कामाची एक ओळ गाळली, तर एचआरला चार मेल जातात आणि शनिवारची अख्खी संध्याकाळ मित्रांसमोर त्याचंच दळण दळलं जातं.

माझ्या आजोबांचा, म्हणजे आईच्या वडिलांचा सीव्ही म्हणजे एक छोटंसं पुस्तक. कोपरे झिजलेलं, मधल्या पानावर चहाचा डाग असलेलं. फौजेच्या भाषेत 'डिस्चार्ज बुक'. भरती कधी झाले, कोणत्या हुद्द्यावरून घरी आले, वर्तणूक कशी होती, कोणकोणती मेडल्स मिळाली, असं सगळं त्यात. १५ वर्षांची नोकरी थोडक्या पानांत मावलेली. ते लिहिलं ऑफिसातल्या कारकुनानं, सही केली अधिकाऱ्यानं, आणि ज्याचं आयुष्य त्यात लिहिलंय त्याला मात्र त्यातलं एक अक्षर बदलायची सोय नाही.

आम्ही आजोबांना आबाजी म्हणतो. वऱ्हाडात तसंच म्हणतात. आबाजींचं गाव अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यात. आमचं घर अकोल्याला आणि मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो! २०२१ साली वर्क फ्रॉम होममुळे मी अकोल्याच्या घरीच होते. तेव्हाची ही गोष्ट.

त्या वर्षी १९७१च्या युद्धाला ५० वर्षं पूर्ण होत होती. देशभर कार्यक्रम चालले होते. १६ डिसेंबर, म्हणजे विजय दिवसाला अमरावतीत एका मंडळानं युद्धात भाग घेतलेल्या माजी सैनिकांचा सत्कार ठरवला. मामानं आबाजींचं नाव दिलं. मंडळानं डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स मागितली, ती दिली. दोन दिवसांनी फोन आला, "आजोबांच्या पुस्तकात ७१चं काही दिसत नाही. ते तेव्हा नसावेत."

आता बोला! लहानपणापासून उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही ऐकत आलो ते काय मग? आगरतळ्याकडचा चिखल, शक्तिमान ट्रक, दारूगोळ्याच्या पेट्या, रात्री दिवे न लावता केलेलं ड्रायव्हिंग... मामा फोनवर तडकला. आई रडवेली झाली. आबाजी मात्र बाजेवर बसून शांतपणे म्हणाले, "नसन लिहेल. जाऊ दे."

तेव्हा आईनं एक गोष्ट सांगितली. विजय दिवसाच्या कार्यक्रमांना आबाजी कधीच जात नाहीत. मित्र बोलवायला येतात, तेव्हा यांना नेमकं शेतात काम निघतं. कारण काय, तर बाकीचे सगळे छातीवर ७१ची मेडल्स लावून येतात आणि यांच्याकडे ती नाहीत.

मी ते पुस्तक मागून घेतलं आणि टेस्टरच्या नजरेनं वाचायला बसले.

मेडल्सच्या रकान्यात तीन नोंदी होत्या. १९६५चं रक्षा मेडल, नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल, आणि स्वातंत्र्याच्या २५व्या वर्धापन दिनाचं मेडल. बास. १९७१च्या युद्धासाठी साधारण दोन प्रकारची मेडल्स असतात, हे मला तेव्हा कळलं. पूर्वेच्या आघाडीवर होता त्याला 'पूर्वी स्टार', पश्चिमेच्या आघाडीवर होता त्याला 'पश्चिमी स्टार'. आणि 'संग्राम मेडल' हे आघाडीवर असो वा नसो, त्या काळात सेवेत असलेल्यांसाठी. त्याचा काळ ठरलेला आहे, ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२.

आता गंमत पाहा. २५व्या वर्धापन दिनाचं मेडल कुणाला? १५ ऑगस्ट १९७२ या दिवशी जो सेवेत होता त्याला. ते तर आबाजींच्या पुस्तकात आहे! म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ला माणूस फौजेत होता हे पुस्तकच सांगतंय. ती तारीख संग्राम मेडलच्या काळातच येते. मग संग्राम मेडल कुठे गेलं? माझ्या ऑफिसात असा डेटा आला असता तर मी तिथल्या तिथे बग लॉग केला असता. एकाच पानावरच्या दोन गोष्टी एकमेकींशी भांडत होत्या आणि ४० वर्षांहून जास्त काळ हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पूर्वी स्टारचं कोडं वेगळं होतं. त्याचं उत्तर अमरावतीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळालं. तिथे 'कल्याण संघटक' नावाचं एक पद असतं आणि त्यावर स्वतः फौजेतून निवृत्त झालेली मंडळी काम करतात. त्यातल्या एका साहेबांनी पुस्तक उलटसुलट पाहिलं आणि आबाजींना एकच प्रश्न विचारला, "बाबा, तेव्हा स्वतःच्या युनिटमध्ये होते, की अटॅचमेंटवर?"

"अटॅचमेंटवर," आबाजी म्हणाले. नोव्हेंबरपासून काही ड्रायव्हरांना गाड्यांसकट दुसऱ्या युनिटकडे दिलं होतं.

"मग हेच झालं असणार."

साहेबांनी मग समजावून सांगितलं. फौजेत जवानाच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये छापून यावी लागते. रजा, बदली, लग्न, मूल, मेडल, सगळं. तिच्यावरून रेकॉर्ड ऑफिसातल्या त्याच्या कागदात, म्हणजे 'शीट रोल'मध्ये नोंद होते आणि तिथून ती डिस्चार्ज बुकात उतरते. थोडक्यात काय, तुमचं लग्न वाजतगाजत झालं असलं तरी पार्ट टू ऑर्डर निघेपर्यंत कागदावर तुम्ही ब्रह्मचारीच! अटॅचमेंटवरच्या माणसाचं होतं असं, की मूळ युनिटला वाटतं त्यांनी ऑर्डर काढली असेल, आणि ज्यांच्याकडे तो गेलाय त्यांना वाटतं मूळ युनिट काढेल. त्यात ही मेडल्स युद्ध संपल्यावर जाहीर झालेली. तोवर ड्रायव्हर परत आलेले, युनिट दुसरीकडे हललेलं. कुणाचा वाईट हेतू नाही, कुणाचं वैर नाही. एक कागद दोन टेबलांच्या मधल्या फटीत पडला, एवढंच.

"अर्ज करा," साहेब म्हणाले. "पण पुरावा लागेल. नुसतं 'मी होतो' चालत नाही."

गाडीत बसल्यावर मी आबाजींना म्हटलं, करू या अर्ज. तर ते चक्क नाही म्हणाले. पंचवटी चौकापर्यंत बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मागून घेतलेलं मेडल थे कायचं मेडल वं? भीक होय थे."

आता यावर काय बोलणार? खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं आतून पटण्यासारखं होतं. सन्मान मागायचा नसतो, तो चालत यावा लागतो, असंच आपल्याला शिकवलेलं असतं. आणि गावात विचाराल तर लोकांचा प्रश्न त्याहून रोकडा. "फायदा काय हो त्याचा? पेन्शन वाढते का?" नाही वाढत. शौर्यपदकांबरोबर पैसे असतात. पूर्वी स्टार किंवा संग्राम मेडल मिळाल्यानं खिशात रुपयाही पडत नाही. म्हणजे मानी माणसाला ते मागायची लाज आणि व्यवहारी माणसाला त्यात फायदा नाही. मग करायचं कशाला?

याचं उत्तर मूर्तिजापूरला मिळालं.

मूर्तिजापूर अकोला जिल्ह्यात, अमरावती आणि अकोल्याच्या मधोमध. आता बंद पडलेली आपली नॅरोगेज शकुंतला तिथूनच दर्यापूर, अंजनगाववरून अचलपूरला जायची. १९६२च्या डिसेंबरात, चीनच्या युद्धानंतर जोरात भरती चालू होती तेव्हा, आबाजी याच शकुंतलेनं भरतीला गेले होते. मूर्तिजापूरचा एक मुलगाही त्यांच्याबरोबर लागला. दोघंही ड्रायव्हर झाले आणि दोघंही त्या नोव्हेंबरात अटॅचमेंटवर गेले. मी त्यांना मूर्तिजापूरचे आबाजीच म्हणते. त्यांचं डिस्चार्ज बुक पाहायचं म्हणून जानेवारी २०२२मध्ये आम्ही त्यांच्या घरी गेलो.

ज्वारीची भाकर, झुणका, मिरचीचा ठेचा असं साग्रसंगीत झालं. मग त्यांनी पेटीतून पुस्तक काढलं. मेडल्सच्या रकान्यात पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल, दोन्ही! त्याच गाड्या, तेच युनिट, तेच दिवस. एकाची नोंद झाली, दुसऱ्याची राहिली.

आबाजींनी ते पान बराच वेळ हातात धरलं. मग मूर्तिजापूरचे आबाजी त्यांना म्हणाले, "भंडाऱ्याचा पोट्टा आठवते का रे?"

ही गोष्ट आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हती. घरी कधी सांगितलीच नव्हती. पुढच्या गाडीवर भंडाऱ्याकडचा एक तरुण ड्रायव्हर होता. त्या गाडीवर गोळा पडला. आबाजींनी आणि यांनी मिळून त्याला बाहेर काढलं, पण तो वाचला नाही. दोघं म्हातारे हे सांगताना एकमेकांकडे पाहत नव्हते. एकजण भिंतीकडे पाहत होता, एकजण ताटाकडे.

मग आबाजी त्यांच्या पुस्तकावर बोट ठेवून म्हणाले, "ह्या बुकात तर मी तिथं नव्हतोच. मंग थ्या पोट्ट्याले उचललं कोनं?"

बस्स. माझा प्रश्न तिथे मिटला. हे मेडल मागणं नव्हतंच. आबाजी तिथे होते ही गोष्ट खरी की खोटी, एवढाच मुद्दा होता. कागद म्हणत होता खोटी. आणि एखादी गोष्ट खोटी लिहिली गेली असेल, तर ती दुरुस्त करून घेण्यात भीक कुठून आली? बँकेनं पासबुकात आपली जमा रक्कम लिहिली नाही, तर आपण बँकेकडे भीक मागतो का? नोंद करा म्हणून सांगतो. मी आबाजींना हेच उदाहरण दिलं. शेतकरी माणूस, पासबुकाचं लगेच पटलं. त्याच दुपारी त्यांनी अर्जावर सही केली.

पुढचं काम माझ्या आवडीचं होतं, पुरावे गोळा करणं.

पहिला पुरावा आजीनं दिला. आजी जाऊन काही वर्षं झाली, पण तिचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा माळ्यावर जसाच्या तसा होता. त्यात आबाजींची पत्रं आणि मनीऑर्डरची कुपनं. आजीला वाचता येत नव्हतं, गावातले गुरुजी तिला पत्र वाचून दाखवायचे. तरी तिनं कागदाचा एक कपटा फेकला नाही. त्यातलं एक पत्र डिसेंबर १९७१चं. त्यात युद्धाबद्दल अवाक्षर नाही. कापूस किती वेचला, बैलाचा पाय बरा झाला का, पोरीला खोकला आहे का, एवढंच. पण पाठवणाऱ्याच्या पत्त्यात लिहिलं होतं, '९९ एपीओ'. फौजी माणूस कुठे आहे हे पत्त्यात लिहीत नाहीत, त्याऐवजी आर्मी पोस्ट ऑफिसचा नंबर असतो. ५६ एपीओ आणि ९९ एपीओ हे दोन नंबर आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेत, आणि ९९ म्हणजे पूर्वेकडचा भाग. वर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का, तारखेसकट. गावाचं नाव न घेता त्या पत्रानं सगळं सांगितलं होतं!

दुसरा पुरावा, मूर्तिजापूरच्या आबाजींचं प्रतिज्ञापत्र आणि त्यांच्या पुस्तकाची प्रत. तिसरा, आबाजींचं स्वतःचं पुस्तक, त्यातल्या एकमेकींशी न जुळणाऱ्या तारखांसह.

चौथा पुरावा मागवावा लागला, शीट रोलची प्रत. त्यासाठी माहितीचा अधिकार कामी आला. २००५चा हा कायदा आपल्याला बातम्यांमधून ठाऊक असतो, पण १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून साध्या कागदावर अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, हे घरातल्या कामासाठी वापरून पाहिलं की त्याची खरी ताकद कळते. अर्ज आबाजींच्याच नावानं आणि सहीनं केला, कारण कागद त्यांचे होते.

मध्येच नावाचं त्रांगडं निघालं. वऱ्हाडातल्या वानखडेचं पुण्यात वानखेडे होतं. आमच्याकडच्या जाधवांच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'ओ' येतो आणि पुण्यातले लोक त्यांना 'जाधाओ' म्हणून हाक मारतात. आमचं आजोळचं आडनावही त्याच जातकुळीतलं. १९६२च्या कारकुनानं एक स्पेलिंग लिहिलं, आधार कार्डवाल्यानं दुसरं. ही दोन्ही माणसं एकच आहेत, असं आबाजींना नोटरीसमोर शपथेवर सांगावं लागलं. ७७व्या वर्षी स्वतःच स्वतः असल्याचं प्रतिज्ञापत्र!

पहिल्या अर्जाचं उत्तर जून २०२२मध्ये आलं. दोन ओळींचं. अभिलेखात नोंद आढळत नाही. अहो, नोंद आढळत नाही म्हणूनच तर अर्ज केलाय ना!

त्याच महिन्यात आमच्या भागात वेगळाच जल्लोष होता. ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. व्हॉट्सॅपवर नुसता पाऊस! पत्र हातात घेऊन मामा म्हणाला, "१०५ घंट्यात ७५ किलोमीटर रोड होते, अन् दोन लायनी होत नाहीत." आबाजी हसले. त्या सगळ्या प्रकरणात मोकळेपणानं हसलेले ते पहिल्यांदाच.

चिडचिड झाली की मी वाचत बसते. वाचलं तेव्हा कळलं की हे दुखणं फक्त आपलं नाही. अमेरिकेत सैनिक सेवेतून बाहेर पडताना त्याला 'डीडी २१४' नावाचा कागद मिळतो. त्यात मेडल राहिलं तर दुरुस्तीचा वेगळा फॉर्म निघतो, 'डीडी २१५'. म्हणजे चूक होणार हे गृहीत धरून त्यांनी दुरुस्तीलाही नंबर देऊन टाकलाय! पण तिथेही सगळं सुरळीत नाही. १२ जुलै १९७३ला सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली जळाल्या.

आणि हेन्री जॉन्सनची गोष्ट वाचून तर मी लॅपटॉप बंदच केला. पहिल्या महायुद्धातला हा कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक. मे १९१८मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर एका रात्री त्यानं जर्मन तुकडीला जवळजवळ एकट्यानं रोखलं. अंगावर २१ जखमा. फ्रान्सनं त्याला 'क्र्वा द गेर' हे मोठं पदक दिलं. पण स्वतःच्या देशानं दिलेल्या डिस्चार्ज कागदात त्या जखमांचा उल्लेखच नव्हता. तो १९२९ला गेला. जखमी सैनिकाला मिळणारं पर्पल हार्ट त्याच्या नावे झालं १९९६ला, आणि सर्वोच्च 'मेडल ऑफ ऑनर' २०१५ला. कागद सुधारला, पण तो पाहायला माणूसच उरला नव्हता.

आपल्याकडचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. ईएमईमधले जवान, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कायमचं अपंगत्व आलं. १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. ते पदक जगाच्या नोंदीत होतं, कुणाला शोधायला जायची गरज नव्हती. तरी पद्मश्री मिळाली २०१८ला, ४६ वर्षांनी. २०२४ला त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा आला आणि अर्जुन पुरस्कार मिळाला जानेवारी २०२५मध्ये. जिथे विक्रम छापील आहे तिथे एवढी वर्षं, तर शक्तिमान चालवणाऱ्या ड्रायव्हरचं काय घेऊन बसलात! पण पेटकरांच्या गोष्टीत मला एक दिलासा वाटतो. ते सन्मान घ्यायला स्वतः हजर होते.

आमच्याकडेही घड्याळ चालू होतंच. आबाजींचं वय एकीकडे, आणि कागदांचं वय दुसरीकडे. पेन्शन न मिळालेल्या जवानांची सेवा-कागदपत्रं फौजेच्या नियमानुसार २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात. आबाजी १५ वर्षं पूर्ण करून १९७८ला घरी आले, पेन्शन घेऊन, म्हणून त्यांचे कागद टिकले. तीन-चार वर्षं आधी सोडून आले असते तर शोधायला काही उरलंच नसतं.

माहितीच्या अधिकारात शीट रोलची प्रत आली आणि तिसऱ्या पानावर ती सापडली, एकच ओळ. नोव्हेंबर १९७१, अटॅचमेंट, दुसऱ्या युनिटचं नाव. ते नाव मूर्तिजापूरच्या आबाजींच्या कागदातल्या युनिटशी तंतोतंत जुळत होतं. टेस्टर लोकांना बग सापडल्यावर जो आनंद होतो ना, तो मला त्या दिवशी झाला. नोव्हेंबर २०२२मध्ये दुसरा अर्ज गेला. या वेळी गयावया नाही की भावना नाहीत. पान एक, तारखांचा तक्ता. पान दोन, कोणत्या पुराव्यातून काय सिद्ध होतं. कल्याण संघटक साहेबांनी वाचून नुसती मान डोलावली आणि कार्यालयाचं पत्र वर जोडून दिलं.

मग वाट पाहणं. फोन, स्मरणपत्रं, पुन्हा फोन. एकदा मूळ पुस्तक मागवलं गेलं, तेव्हा आबाजी दोन दिवस जेवले नाहीत धड. हरवलं तर? रजिस्टर्ड पोस्टाची पावती त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि पुस्तक परत येईपर्यंत काढली नाही.

मार्च २०२४मध्ये पुस्तक आलं. मेडल्सच्या रकान्यात तीन जुन्या ओळींखाली दोन नव्या ओळी, वेगळ्या शाईत. बाजूला सही आणि गोल शिक्का. मी व्हिडिओ कॉलवर होते. मामानं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. आबाजींनी चष्मा पुसला, वाचलं, आणि मूर्तिजापूरला फोन लावायला सांगितला. फोनवर एवढंच बोलले, "लिहिलं बाप्पा त्यायनं."

ऑक्टोबरमध्ये मेडल्सचं पार्सल आलं. मेडलच्या कडेवर जवानाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. आम्ही सगळे नावाचं स्पेलिंग पाहायला धडपडत होतो. आबाजींनी भिंगातून फक्त नंबर वाचला. "नंबर बरोबर हाये," म्हणाले आणि डबी मिटली.

१६ डिसेंबर २०२४ला ते अमरावतीला कार्यक्रमाला गेले. कोटावर पाच मेडल्स. मूर्तिजापूरचे आबाजीही आले होते. सत्कार नव्हता, हारतुरे नव्हते, नुसती मानवंदना आणि चहा. परतताना मामानं विचारलं, कसं वाटलं? तर उत्तर आलं, "चहा पातळ होता." वऱ्हाडी माणूस, दुसरं काय बोलणार!

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असं एखादं पुस्तक ट्रंकेत पडलेलं असेल. साताऱ्यात असेल, कोल्हापुरात असेल, बुलढाण्यात असेल. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा ते बाहेर काढा आणि मेडल्सचा रकाना आजोबांच्या गोष्टींशी ताडून पाहा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, आजीचं नाव, हेही पाहा. या चुका मेडलपेक्षा महाग पडतात, कारण पुढे आजीची फॅमिली पेन्शन त्यांवर अडते. काही राहिलंय असं वाटलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, त्यांना रस्ता माहीत असतो. शीट रोलची प्रत मागवा. जुनी पत्रं फेकू नका, विशेषतः शिक्क्याची बाजू. आजोबांचे जे सोबती हयात आहेत त्यांना आजच फोन करा, कारण कागदानंतर सगळ्यात मोठा पुरावा तेच. अगदी दाद लागलीच नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. पण बहुतेक गोष्टी त्याच्या अलीकडेच, नीट लिहिलेल्या अर्जानं सुटू शकतात. आणि नीट अर्ज लिहिणं, तक्ते करणं, फॉलोअप घेणं, यात आपल्या पिढीचा हात कोण धरणार? दिवसभर ऑफिसात तेच तर करतो आपण.

आणि हो, मूळ पुस्तक पोस्टानं पाठवण्याआधी सगळी पानं स्कॅन करून ठेवा. कोरीसुद्धा.